एकावेळी एकच टोकन

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले होते की माझा फोन दिवसभर गप्प असतो आणि तरी माझं काही अडत नाही, तर त्यावर इतकी पत्रं आली की काय सांगू. निम्म्या लोकांना ते कसं जमवायचं हे हवंय आणि उरलेल्यांना मी थापा मारतेय असं वाटतंय. म्हणून या वेळी भिशी, भाडेकरू, सासू-सून सगळे विषय बाजूला, फक्त फोन. पत्रं थोडी कापलीत, नावं नेहमीप्रमाणे काढलीत.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहतो, वय ६८, नोकरीतून निवृत्त. माझ्या व्हॉट्सॲपवर ४१ ग्रुप आहेत, काल मोजले. शाळेच्या बॅचचा, ऑफिसातल्या निवृत्तांचा, सोसायटीचे दोन (एक पार्किंगच्या भांडणानंतर फुटून निघालेला), सासरच्या कुळाचा, तळजाईवर फिरायला येणाऱ्यांचा, आणि काही तर मला कुणी ॲड केलं तेही माहीत नाही. सकाळी उठून गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करण्यात पाऊण तास जातो, तोवर चहा गार. फोन सारखा जागा संपली म्हणतो. ग्रुप सोडावा तर साडू फोन करून विचारतो, काय राग आला का. काय करावं?

उत्तर : आधी साडूभाऊंचं बघू. हल्ली ग्रुप सोडला तर सगळ्यांना दिसत नाही, फक्त ॲडमिनला कळतं, २०२२ पासून तशी सोय आहे. पण त्यात एक मेख आहे, गेल्या ६० दिवसांत कोण कोण बाहेर पडलं ती यादी ग्रुपमधल्या कुणालाही उघडून बघता येते, आणि ज्या माणसाला तुमच्या रागाची एवढी काळजी आहे तो ती यादी बघणारच. तेव्हा सोडू नका. म्यूट करा, ८ तास नको, 'ऑलवेज'वाला पर्याय निवडा, आणि मग तो ग्रुप दाबून धरून अर्काइव्हमधे टाका. पूर्वी अर्काइव्ह केलेला ग्रुप नवा मेसेज आला की परत वर टपकायचा, २०२१ पासून तसं होत नाही, तो माळ्यावर टाकलेल्या ट्रंकेसारखा तिथंच पडून राहतो. कुणी मुद्दाम तुमचं नाव टॅग करून विचारलं किंवा तुमच्याच मेसेजला रिप्लाय दिला तर मात्र तेवढं तुम्हाला कळतं. म्हणजे ज्याला खरंच तुम्हीच हवे आहात त्याला तुम्ही सापडता.

आता कुठला ग्रुप माळ्यावर आणि कुठला खाली, हे कसं ठरवायचं. मी २६ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. आमच्याकडे पितळी टोकनं होती, नंबर कोरलेली, कडा झिजून गुळगुळीत झालेली, उन्हाळ्यात हाताला गार लागायची. चेक दिला की टोकन घ्यायचं आणि बाकावर जाऊन बसायचं. हॉलमधे साठ माणसं असली तरी खिडकीत एकच. ज्या दिवशी गर्दी व्हायची, पगाराची तारीख वगैरे, आणि लोक टोकन हातात धरून सगळे एकदमच खिडकीत हात घालायला लागायचे, त्या दिवशी संध्याकाळी कॅश हमखास जुळायची नाही. एकदा ५०० रुपये मी माझ्या पर्समधले भरलेत, ते अजून डोक्यातून जात नाही. तुमच्या फोनवर रोज पगाराची तारीख आहे. ४१ ग्रुप असू देत की, तुमचा गोतावळा मोठा आहे ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यांना बाकावर बसवा. एक कागद घ्या आणि त्यावर फक्त असे ग्रुप लिहा की ज्यातला मेसेज एक दिवस उशिरा वाचला तर तुमचं खरोखर काहीतरी नुकसान होईल. माझ्या भावाने असं केलं तेव्हा ३८ मधले दोन निघाले, एक घरच्यांचा आणि एक सोसायटीचा, तोही का तर टँकर कधी येणार ते त्याच्यावर कळतं. बाकीचे ३६ तो संध्याकाळी सात वाजता चहा घेऊन बसून बघतो, मजेत बघतो, फॉरवर्डपण करतो (नाइलाज आहे).

जागेचं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. तिथं ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली एका ढिगात दिसतात आणि बऱ्याचदा फॉरवर्ड होऊन आलेलं सगळं दुसऱ्या ढिगात. हा दुसरा ढीग डोळे मिटून उडवा, त्यात तुमच्या नातवाचा फोटो असण्याची शक्यता जवळपास नाही. मग त्याच स्टोरेज अँड डेटामधे फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, आणि चॅट्सच्या सेटिंगमधे मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा म्हणजे ते सूर्योदय आणि गुलाब तुमच्या गॅलरीत घरच्या फोटोंच्या मधे मधे येऊन बसणार नाहीत. आणि लाजू नका हो, २०१८ च्या सुमाराला खुद्द गुगलच्या लोकांना शोध लागला होता की भारतातले फोन इतके भरतात त्याचं एक मोठं कारण हे गुड मॉर्निंगचे फोटो आहेत.

चहा आधी प्या, ग्रुप नंतर.

प्रश्न : मॅडम मी मूळचा मराठवाड्यातला, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससी करतोय, हे तिसरं वर्ष. अभ्यासिकेत सकाळी ८ ला जातो रात्री १० ला येतो पण खरा अभ्यास ५ तास पण होत नाही. इन्स्टा कधीच उडवलंय, रील बघत नाही, तरी टाइम कुठं जातो कळंना. टेलिग्रामवर ७० च्या वर चॅनल आहेत, सगळे अभ्यासाचेच आहेत, पीडीएफ १४ जीबी झालीय. डिलीट करावं तर वाटतं त्यातलंच आलं तर. घरचे विचारतात अभ्यास कसा चाललाय, मी म्हणतो चांगला.

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य तर तीनदा.

तुला वेळ कुठं जातो हे शोधायचंय ना, मग अंदाज नको, मोजू. उद्या सकाळी वहीच्या मागच्या पानावर तारीख घाल आणि जेव्हा जेव्हा हात फोनकडे जाईल तेव्हा एक उभी रेघ मार. का गेला, किती वेळ गेला, काही लिहू नको, फक्त रेघ. माझ्या मैत्रिणीच्या मुलीने सीएच्या अभ्यासाला हे केलं होतं, १० ते १ मधे १९ रेघा, आणि त्यातल्या निम्म्या वेळा ती नुसतं किती वाजले बघायला फोन उचलत होती. आता वेळ बघायला फोन उचलला की वर काय आलंय ते दिसतंच आणि मग माणूस वेळ बघायचं विसरतो, हे तुला मी सांगायला नको. तिने एक साधं मनगटी घड्याळ घेतलं, दीडदोनशेचं, त्या एका घड्याळाने ९ रेघा कमी केल्या.

दुसरं, फोन बाकावर पालथा ठेवणं म्हणजे लांब ठेवणं नव्हे. अमेरिकेत ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात २०१७ मधे प्रयोग झाला होता, काही विद्यार्थ्यांचे फोन टेबलावर पालथे, काहींचे बॅगेत, काहींचे शेजारच्या खोलीत, सगळे सायलेंट. ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते त्यांनी डोक्याला ताण देणारी गणितं-कोडी सगळ्यात बरी सोडवली. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा दर वेळी एवढा फरक आला नाही, त्यामुळं हे ब्रह्मवाक्य म्हणून नाही सांगत, पण करून बघायला तुझं काय जातंय. अभ्यासिकेत लॉकर असेल तर लॉकरमधे, नसेल तर बॅगेत तळाशी डब्याखाली, म्हणजे काढायला डबा बाहेर काढावा लागेल आणि शेजारचा बघेल. आईचा फोन आला तर, ही काळजी असेल. डू नॉट डिस्टर्बमधे ठरावीक नंबरांना परवानगी देता येते, आईवडिलांचे घाल, आणि एखादा माणूस लागोपाठ दोनदा फोन करत असेल तर दुसरा वाजू दे अशीही सोय असते.

आता ते १४ जीबी. आमच्या वेळी नोट्स हव्या असल्या की झेरॉक्सवाल्यापुढं उभं राहावं लागायचं, पानाला पैसे पडायचे, त्यामुळं दहा वेळा विचार करून ४० पानं काढायचो आणि पैसे घातलेत म्हणून ती वाचायचोही. पीडीएफ फुकट आली आणि डाउनलोड झालं की अर्धं वाचून झाल्यासारखं वाटायला लागलं. तू ७० चॅनलवरून अभ्यास गोळा करतोयस, करत नाहीयेस. रागावू नको, मीसुद्धा न शिवलेले ब्लाउजपीस गोळा करते, तसंच आहे ते.

डिलीट नको करू, तुझ्याच्याने होणार नाही ते. एक पेनड्राइव्ह घे, सगळं त्यात भर आणि पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा आईच्या कपाटात ठेवून ये. त्यातलंच आलं तर, ही भीती वाटली की स्वतःला सांग, आहे ना आपल्याकडे, कपाटात आहे. फोनवर प्रत्येक विषयाला एक पीडीएफ ठेव, जी तू एकदा तरी पूर्ण वाचली आहेस ती, आणि पुस्तकं आप्पा बळवंत चौकातून आणलेलीच वापर. चॅनलमधे दोन ठेव. आणि ते 'सोमवारी जाहिरात येणार, आतल्या गोटातून कळलंय' असं सांगणारे सगळे आजच काढून टाक, जाहिरात आली की आयोगाच्या वेबसाइटवर येते, ती रात्री जेवल्यावर एकदा बघायची, तेवढ्यात फॉर्मची मुदत संपत नाही. शास्त्री रोडला चहा पिताना पोरं सांगतीलच, तुमच्यात बातमी दाबून राहत नाही.

आणि घरी पुढचा फोन करशील तेव्हा चांगला चाललाय असं नको सांगू, आज १९ रेघा झाल्या असं सांग. आईला कळणार नाही, पण ती विचारेल रेघा म्हणजे काय, आणि मग तू सांगशील.

प्रश्न : मी सिंहगड रोडला राहते, घरून पुरणपोळ्या, गुळपोळ्या आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. लोक रात्री साडेअकराला 'हाय' करतात, मग दहा मिनिटांनी प्रश्नचिन्ह पाठवतात. पोळी तव्यावर आणि माझं लक्ष टिंगकडे, परवा सहा पोळ्या करपल्या. फोन बंद ठेवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती. मिस्टर म्हणतात एवढं काय, नंतर रिप्लाय दे, पण त्यांना धंदा कळत नाही.

उत्तर : मिस्टरांना धंदा कळत नसेल पण या बाबतीत थोडं बरोबर आहे त्यांचं.

पुण्यातल्या दुपारी १ ते ४ बंदवर अख्ख्या महाराष्ट्राने जोक करून झाले, शिळे झाले ते, पण एक गोष्ट जोक करणारे सांगत नाहीत, की ४ वाजून ५ मिनिटांनी शटर वर जायची वाट बघत तेच उभे असतात. पाटीने गिऱ्हाईक जात नाही. गिऱ्हाईक जातं ते पाटी नसली की, म्हणजे दुकान उघडं आहे का बंद, माणूस आत आहे का मेला, काहीच कळत नसलं की. तुमच्या फोनवर पाटी नाहीये.

साधं व्हॉट्सॲप वापरत असाल तर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, २०१८ पासून आहे, फुकट आहे, नंबर तोच राहतो, फक्त आधी बॅकअप घ्या. त्यात अवे मेसेज म्हणून सोय आहे, तुम्ही ठरवलेल्या वेळेत कुणी मेसेज केला की आपोआप उत्तर जातं. त्यात 'थोड्याच वेळात संपर्क करू' असलं गुळमुळीत नका लिहू. लिहा : 'आत्ता तवा चालू आहे. ऑर्डरी दुपारी ३ ते ४ आणि रात्री ८ ते ९ मधे बघते. डझनाचा भाव आणि कमीत कमी किती दिवस आधी सांगायचं ते खाली दिलंय.' आणि खरंच खाली द्या. निम्म्या 'हाय' लोकांना तेवढंच हवं असतं. क्विक रिप्लाय म्हणून अजून एक सोय आहे, पत्ता, पैसे कुठं पाठवायचे, पोळी किती दिवस टिकते, ही उत्तरं एकदा लिहून ठेवली की परत परत टाइप करायची नाहीत.

पण सगळं पूर्ण बंद नका ठेवू. २०१९ मधे एक अभ्यास आला होता, त्यात काही लोकांना नोटिफिकेशन दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिली आणि काहींना अजिबातच दिली नाहीत. तीन वेळावाल्यांना बरं वाटलं, शांत वाटलं. ज्यांची साफ बंद केली ते उलट जास्त बेचैन झाले, आपलं काहीतरी चुकतंय, राहतंय असं वाटून. मला यात काही नवल वाटलं नाही, टोकनवाला माणूस तासभर बाकावर निवांत बसतो, पण खिडकीच बंद दिसली की पाच मिनिटांत आरडाओरडा.

करपलेल्या सहा पोळ्यांचं काय केलंत ते लिहिलं नाहीत.

प्रश्न : लोन घ्या, फ्लॅट घ्या, क्रेडिट कार्ड घ्या. दिवसाला आठ-दहा फोन. उपाय? – बिबवेवाडी

उत्तर : १९०९ ला फोन करून किंवा एसएमएस करून डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद करा, ही ट्रायची (टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सोय आहे, फुकट. बँकेचे ओटीपी वगैरे त्यानेही येत राहतात, घाबरू नका. १४० ने सुरू होणारा नंबर दिसला की तो जाहिरातीचा, उचलूच नका. साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करणारे ऐकत नाहीत, त्यांची तक्रारही १९०९ लाच. पूर्ण बंद होतील असं सांगत नाही, माझे आठाचे दोन झाले.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे. टीम्सवर (ऑफिसातलं मेसेज आणि कॉलचं ॲप) मेसेज, त्यावर मेल, मेल वाचला का म्हणून परत टीम्स, आणि मग त्याच विषयावर कॉल. कोड लिहायला रात्री ९ नंतरच बसतो, घरी आल्यावर. बायको म्हणते मग दिवसभर ऑफिसला काय करायला जातोस. प्रश्न असा की मॅनेजरला न दुखावता यातून कसं सुटायचं?

उत्तर : बायकोचा प्रश्न चांगला आहे.

२०१५ मधे कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोघांनी लोकांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला लावले आणि एक आठवडा हवे तेवढ्या वेळा. तीनदावाल्या आठवड्यात ताण कमी झाला. पण तुझी अडचण मेलची कमी आणि अर्धवट सोडलेल्या कामाची जास्त दिसतेय. एक काम अर्धं टाकून दुसऱ्याला हात घातला की डोक्याचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो, सोफी लरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मधे यावर लिहिलंय. मला ते वाचायची गरज पडली नाही, नोटांचं बंडल मोजताना कुणी 'मॅडम जरा' म्हटलं की परत एकपासून मोजावं लागतं हे कुठल्याही कॅशियरला विचार.

मॅनेजरला तत्त्वज्ञान नको सांगू. कॅलेंडरमधे रोज १० ते १२ ब्लॉक करून टाक, टीम्सला डू नॉट डिस्टर्ब लाव, आणि त्यांना एवढंच सांग की या दोन तासांत सर्व्हर पडला तर मला सरळ फोन करा, मी उचलेन. बहुतेक लोकांना उत्तर लगेच हवं असतं असं नाही, वेळ आली तर माणूस मिळेल ना एवढी खात्री हवी असते. दोन आठवडे कर, किती फोन आले ते मोज. आणि मेलमधली ती सेलची पत्रकं, न्यूजलेटरं, ती आली की डिलीट करत बसू नको, वर अनसबस्क्राइब असतं ते दाब, पाच सेकंद लागतात.

प्रश्न : फोनमधे २२,००० फोटो आहेत. गुगल म्हणतंय जागा संपली, पैसे भरा. कुठून सुरुवात करू? – कोथरूड

उत्तर : सुरुवात करायच्या आधी माझी फजिती ऐका. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी अशीच पदर खोचून बसले, फोन भरला होता, म्हटलं गुगलवर बॅकअप आहे ना, मग फोनमधले उडवू. गुगल फोटोजमधेच बसून भराभर दीड-दोन हजार उडवले, मोकळं मोकळं वाटलं. दीड महिन्याने मोठ्या जावेच्या वहीचे फोटो शोधायला गेले, तिच्या हातची मसाल्याची आणि लोणच्याची मापं, पेन्सिलने लिहिलेली, हळदीचे बोट उमटलेली पानं, वही पुढे घर बदलताना गेली, ती फक्त माझ्या फोनमधे होती. नाहीत. कुठंच नाहीत. घाम फुटला. झालं असं की बॅकअप चालू असताना गुगल फोटोजमधून फोटो उडवला की तो फोनमधूनही जातो आणि वरून, म्हणजे गुगलवरूनही जातो. वाचले ते अशामुळं की बॅकअप झालेले फोटो तिथल्या ट्रॅशमधे ६० दिवस राहतात आणि मी ४३ व्या दिवशी पोचले. (बॅकअप नसलेले ३० च दिवस राहतात, लक्षात ठेवा.)

फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधे 'फ्री अप स्पेस' म्हणून बटण आहे, ते ज्यांचा बॅकअप झालाय तेवढेच फोनमधून काढतं, वरचे तसेच राहतात. तुमची मात्र वरची जागा संपलीय. गुगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही. १ जून २०२१ पर्यंत 'हाय क्वालिटी'मधे, म्हणजे थोडे दाबून साठवलेले फोटो त्यात धरत नव्हते म्हणून आपण बेफिकीर होतो. तिथं आधी व्हिडिओ बघा, फोटो नको, स्टोरेजच्या पानावर मोठे व्हिडिओ वेगळे काढून दाखवतात, गणपतीच्या मिरवणुकीतला ढोलाचा ९ मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात नुसती पुढच्या माणसाची टोपी दिसते, असे दहा गेले की महिनाभर श्वास घेता येईल. मग स्क्रीनशॉट. मग थांबा. २२,००० च्या २२,००० बघायला बसू नका, आणि वह्यांचे, पत्रांचे, कागदांचे फोटो आधी वेगळ्या अल्बममधे घालून ठेवा आणि पेनड्राइव्हवर पण.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा. शाळेतून आला की माझा फोन मागतो आणि रील एकामागून एक. ओढून घेतला की रडारड. परवा म्हणाला, आई तू पण तर बघतेस, स्वयंपाक करताना पण बघतेस. मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघं नोकरी करतो, संध्याकाळी शाळेचा ग्रुप, ऑफिसचे मेसेज, खरंच बघावं लागतं. – हडपसर

उत्तर : उत्तर देता आलं नाही हे बरं झालं, दिलं असतंत तर खोटं दिलं असतंत.

रील संपत का नाही हे आधी बघा. पूर्वी वेबसाइटचं पान खाली गेलं की संपायचं आणि 'पुढे' दाबावं लागायचं. अझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मधे अशी युक्ती काढली की पान संपतच नाही, खाली जाल तसं पुढचं येत राहतं, नंतर त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला आणि तो तसं उघड बोललाय. चिवडा बशीत दिला तर बशी संपल्यावर मूल उठतं, डबाच मांडीवर दिला तर तुम्ही आणि मीसुद्धा उठणार नाही. तेव्हा पोराच्या संयमाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही, त्याला बशीत द्या. एक ठरवलेला कार्टूनचा भाग, टीव्हीवर, जो संपतो.

आणि तुमचं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथं २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो. भोंगा वाजला की टीव्ही बंद, फोन बंद, मुलं अभ्यासाला, साडेआठला परत भोंगा वाजेपर्यंत. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की भोंगा सगळ्यांना सारखाच, पोराला आणि बापाला वेगळा नाही. तुमच्या घरात दीड तास जमणार नाही, पाऊण तास घ्या. घरी आल्यावर शाळेचा ग्रुप आणि ऑफिसचं काय ते बघून टाका, त्याला सांगून बघा, 'मी आता १५ मिनिटं ऑफिसचं बघतेय' असं तोंडाने म्हणा, मुलांना हे कळतं, आणि मग तिघांचे फोन एका पातेल्यात, वर झाकण, ओट्यावर. पातेलं मोठं घ्या, स्टीलचं, कुणी हळूच काढायला गेलं की झाकण वाजतं. झाकण कुणी वाजवलं हे बघायचं काम मुलाकडे द्या, तो तुमच्यापेक्षा कडक निघेल. माझ्या भाचीकडे हे चालू आहे, आत्तापर्यंत झाकण सगळ्यात जास्त वेळा जावईबापूंनी वाजवलंय.

पहिले चार दिवस त्या पाऊण तासात करायचं काय असा प्रश्न पडेल. पडू दे. त्याला कंटाळा येऊ दे, तुम्हालाही.

प्रश्न : ताई तुम्ही सगळ्यांना सांगता, तुमचा स्वतःचा स्क्रीन टाइम किती ते लिहा बघू खरं खरं. – एक जुना वाचक, शनिवार पेठ

उत्तर : हे लिहायच्या आधी सेटिंगमधे जाऊन बघितलं. काल २ तास ४८ मिनिटं. त्यातली ३५ मिनिटं बहिणीशी व्हिडिओ कॉल, तो मी धरत नाही. वीसेक मिनिटं तुमची पत्रं. उरलेला जवळजवळ सगळा वेळ एका ॲपवर साड्या बघण्यात गेला, रात्री साडेदहा ते बारा. घेतली एकही नाही.